माझं उदाहरण देऊ नका

आमच्या ले-आउटमध्ये मी एक उदाहरण आहे. मेकॅनिकलला गेला, चार वर्षं थर्मोडायनॅमिक्स घासलं आणि शेवटी वेळेवर अक्कल येऊन सॉफ्टवेअरमध्ये गेला, असा पोट्टा. जून उजाडला की या उदाहरणाचा वापर वाढतो. कुणाचा तरी मुलगा बीई मेकॅनिकल होऊन घरी बसलेला असतो, त्याने गेट दिलेली असते, स्कोअर बरा आलेला असतो आणि तो एमटेक करतो म्हणत असतो. मग मला फोन येतो. "तू समजाव नं त्याले. तू तर मेकॅनिकलवालाच होता. तुह्यासारखा कोर्स कर म्हणा."

या खेपेला फोन मावशीचा होता. मावसभावाला व्हीएनआयटीत हीट पॉवर इंजिनिअरिंगच्या एमटेकला जागा मिळते आहे आणि घरात सुतक असल्यासारखं वातावरण आहे. मी समजावणार नाही असं मावशीला सांगितलं. तिला ते पटलं नाही. या शहरात अशा मावश्या पुष्कळ आहेत आणि असे मावसभाऊही, म्हणून इथे सविस्तर लिहितो.

आधी माझ्या उदाहरणाचा निकाल लावू. मी २०१९ साली बीई झालो. कॅम्पसला ज्या कंपन्या आल्या, त्यांत पोरं घाऊक भावाने उचलणाऱ्या कंपन्या सॉफ्टवेअरच्या होत्या. माझी शाखा कोणती याच्याशी त्यांना काहीही देणंघेणं नव्हतं. ॲप्टिट्यूड टेस्ट, इंग्रजीत चार वाक्यं, "विलिंग टु रिलोकेट?", "येस सर". झालं. आज मी मिहानमधल्या एका ऑफिसात बसून अमेरिकेतल्या विमा कंपनीच्या क्लेमची सिस्टीम सांभाळतो. काम बरं आहे, पगार चांगला आहे, गृहकर्जाचा हप्ता वेळेवर जातो. मला याचा पश्चात्ताप नाही आणि मी परत जाणारही नाही. पण मी मेकॅनिकल तपासून, तोलून, निरुपयोगी ठरवून सोडलेलं नाही. स्टॉपवर उभा होतो, बस आली, चढलो. यातून मेकॅनिकलबद्दल काहीच सिद्ध होत नाही. त्या वर्षी कुणाला किती माणसं हवी होती एवढंच कळतं.

आणि ती बस आता पूर्वीसारखी येत नाही, हे मावशीला कोण सांगणार? मोठ्या सॉफ्टवेअर कंपन्यांत फ्रेशरचं पॅकेज दहा-बारा वर्षांपूर्वी साडेतीन लाखांच्या आसपास होतं, ते आजही पुष्कळांना तेवढंच मिळतं. मधल्या काळात समोशाचा भाव दुप्पट झाला. २०२५ च्या जुलैत टीसीएसने सुमारे १२ हजार माणसं कमी करणार असं जाहीर केलं, तेव्हा आमच्या ऑफिसातल्या कॅन्टीनमध्ये आठवडाभर कुणी मोठ्याने बोलत नव्हतं. जे काम मी २०१९ साली ट्रेनिंगमध्ये तीन महिने शिकलो, त्यातलं बरंचसं आता एआय टूल दुपारच्या चहाच्या आत करून देतं. तरीही ले-आउटमधला सल्ला तोच: कोर्स कर, पायथन शीक, सॉफ्टवेअरमध्ये ये. सल्ला देणारे काका बहुतेक वेळा वीज मंडळातून निवृत्त झालेले असतात.

आता जरा वेगळी कल्पना करून बघा. याच मावसभावाने "जर्मनीत एमएस करतो, मेकॅनिकलमध्ये" असं म्हटलं असतं तर? तिथल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत ट्यूशन फी नाही, पण व्हिसासाठी वर्षाचे ११,९०४ युरो ब्लॉक्ड अकाउंटमध्ये दाखवावे लागतात, म्हणजे बारा लाखांच्या घरात. मावशीने ते उभे केले असते. एफडी मोडली असती, कर्ज काढलं असतं. सोनेगावच्या विमानतळावर अख्खं खानदान गेलं असतं, बॅगेत संत्रा बर्फीचे दोन डबे, काचेपलीकडून हात हलवणं, व्हॉट्सॲपला स्टेटस. विषय कोणता? हीट ट्रान्स्फर, फ्लुइड मेकॅनिक्स, फायनाइट एलिमेंट. पुस्तकंसुद्धा पुष्कळदा तीच. बाहेर जाऊन शिकला तर "एमएस करतो", बजाजनगरात खोली घेऊन शिकला तर "अजून शिकूनच राहिला का?" एकाच शिक्षणाला विमानाचं तिकीट जोडलं की अभिमान, सिटी बसचं तिकीट जोडलं की लाज. मला जर्मनीला जाणाऱ्यांशी भांडायचं नाही, खुशाल जा. पण मग मेकॅनिकलमध्ये काही राम नाही असं म्हणू नका. तुमचा आक्षेप विषयावर नाहीच, पत्त्यावर आहे.

एमटेकची ही किंमत नातेवाइकांनी एकट्याने ठरवलेली नाही. सरकारने ती आकड्यात लिहून दिली आहे: १२,४०० रुपये महिना.

गेट पास होऊन एमटेकला आलेल्या विद्यार्थ्याला हा स्टायपेंड मिळतो. त्या बदल्यात आठवड्याला आठ तास टीचिंग असिस्टंटचं काम असतं, म्हणजे बीटेकच्या मुलांचे प्रयोग घेणं, जर्नल तपासणं. आधी ही रक्कम आठ हजार होती. २०१४ च्या सुमारास १२,४०० झाली आणि मग तिथेच गोठली. पीएचडीच्या जेआरएफ फेलोशिपकडे बघा: २०१४ साली २५ हजार, २०१९ साली ३१ हजार, २०२३ साली ३७ हजार. ती वाढ पीएचडीवाल्यांनी आंदोलनं करून मिळवली, त्यांचं अभिनंदन. पण त्याच प्रयोगशाळेत, त्याच टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसलेल्या एमटेकच्या मुलाचा आकडा त्या सगळ्या काळात हलला नाही. महागाई धरली तर २०१४ च्या भावात त्याच्या हातात आता साडेसात-आठ हजारच पडतात. म्हणजे जुन्या आठ हजारांवर आपण गुपचूप परत आलो.

या आकड्याचा परिणाम कुणावर होतो? ज्याच्या बापाची दोन घरं आहेत त्याच्यावर नाही होत. उमरेडहून, काटोलहून, गडचिरोलीहून आलेला मुलगा खोलीभाडं आणि मेस भागवून घरी एक रुपया पाठवू शकत नाही. तो चोवीस-पंचवीस वर्षांचा असतो, घरी बहिणीचं लग्न असतं. तो शिकायला नालायक नसतो, त्याला शिकणं परवडत नसतं. मग आपण म्हणतो, आजकालच्या मुलांना संशोधनात रस नाही.

दुसरी गोष्ट गेटची. ही परीक्षा १९८० च्या दशकात सुरू झाली ती पदव्युत्तर प्रवेशासाठी. २०१० नंतरच्या वर्षांत सरकारी कंपन्यांनी, म्हणजे एनटीपीसी, इंडियन ऑइल, ओएनजीसी वगैरेंनी, भरतीसाठी गेटचा स्कोअर वापरायला सुरुवात केली. कंपन्यांची सोय झाली, वेगळी परीक्षा घ्यायची कटकट वाचली. पण त्या दिवसापासून गेट ही नोकरीची परीक्षा झाली आणि एमटेक झालं वेटिंग रूम. स्कोअर तीन वर्षं चालतो. पहिल्या खेपेला पीएसयूचा कॉल आला नाही तर एमटेकला नाव टाकायचं, हॉस्टेल मिळतं, स्टायपेंड मिळतो, पुढच्या फेब्रुवारीत परत गेट द्यायची. माझ्या एका मित्राने एमटेक केलं. त्याच्या वर्गातली चार मुलं पहिल्याच वर्षी निघून गेली, कुणी पीएसयूत, कुणी बँकेत. पाचवा राहिला तो एमपीएससीचा अभ्यास करत. त्याला रोज सकाळी लायब्ररीत जागा मिळायची, ती त्याला सोडायची नव्हती.

मुलांना मी दोष देत नाही. पन्नास-साठ हजारांची सरकारी नोकरी समोर असताना १२,४०० ला चिकटून राहायला सांगणारा माणूस एक तर संत असतो नाहीतर प्राध्यापक. पण यावर वरून उपाय काय निघाला बघा. २०१९ च्या सप्टेंबरात आयआयटी कौन्सिलने ठरवलं की एमटेकची फी बीटेकच्या पातळीवर न्यायची, म्हणजे वर्षाला दोन लाखांच्या आसपास. एक कारण हेच दिलं गेलं, की मुलं मधूनच सोडून जातात. विद्यार्थी रस्त्यावर उतरले, मग मंत्रालयाने खुलासा केला की वाढ टप्प्याटप्प्याने होईल आणि सध्याच्या विद्यार्थ्यांना लागू होणार नाही. वेटिंग रूममध्ये गर्दी झाली म्हणून बाकड्याचं भाडं वाढवायचं. लोक तिथे का बसलेत, त्यांची गाडी का येत नाही, हे विचारायचं नाही.

तिसरी गोष्ट जास्त अवघड आहे, कारण तिथे मावशीचं थोडं बरोबर आहे. पुष्कळ ठिकाणचं एमटेक खरोखरच पोकळ आहे.

२०१० साली एआयसीटीईने इंजिनिअरिंग कॉलेजात असिस्टंट प्रोफेसर व्हायला एमई-एमटेक लागेल असा नियम केला. आधी प्रथम श्रेणीतली बीई चालायची. नियम वाईट नव्हता. पण विदर्भात तोवर गावोगाव कॉलेजं उभी राहिली होती आणि त्यांतले अर्धे मास्तर स्वतः नुकतेच बीई झालेले होते. मग काय, एमटेक हे मास्तरांचं लायसन्स झालं. ज्यांच्याकडे नव्हतं त्यांनी नोकरी सांभाळून ते काढलं, आणि त्यांच्यासाठी कॉलेजांनी एमटेकच्या तुकड्या काढल्या. मी जिथे शिकलो तिथे, नाव सांगत नाही, एमटेक सुरू होतं आणि प्रयोगशाळेतल्या इंजिन टेस्ट रिगवर चार वर्षं तेच निळं ताडपत्रीचं आवरण होतं. आम्ही त्याला हात लावून बघितला होता, एवढंच. इन्स्पेक्शनच्या दिवशी आवरण निघायचं.

अशा ठिकाणचे प्रबंध कसे होतात ते सगळ्यांना माहीत आहे. हीट एक्स्चेंजरची एक नळी घ्यायची, तिच्यात एक पिळाची पट्टी घालायची, चोरीच्या सॉफ्टवेअरवर सिम्युलेशन चालवायचं, लाल-पिवळ्या-निळ्या रंगाची चित्रं काढायची, "कार्यक्षमता इतकी टक्के वाढली" असं लिहायचं आणि पैसे घेऊन छापणाऱ्या जर्नलला पाठवायचं. प्रयोग शून्य. जाळी बारीक केली तर उत्तर बदलतं का, हा साधा प्रश्नही कुणी विचारत नाही. 'प्रोजेक्ट करून मिळतील' अशा पाट्या लागलेल्या दुकानांचं अर्थशास्त्र यावर चालतं. आणि आता त्याच कॉलेजांनी मेकॅनिकलच्या जागा कमी करून कॉम्प्युटरच्या वाढवल्यात, कारण एआयसीटीईने २०२४-२५ पासून जागांवरची कमाल मर्यादाच काढून टाकली. एमटेक झालेले मेकॅनिकलचे सर पहिल्या वर्षाला इंजिनिअरिंग ग्राफिक्स शिकवून नोकरी टिकवतात.

तेव्हा "एमटेक म्हणजे वेळ घालवणं" असं म्हणणाऱ्याला मी मूर्ख म्हणत नाही. त्याने जे पाहिलं ते तसंच होतं. पण खानावळीत वरण पातळ मिळतं म्हणून तूर पिकवणं बंद करा असं आपण म्हणत नाही.

कारण या शहराला मेकॅनिकल जितकं लागतं तितकं दुसरं फारसं काही लागत नाही. आणि त्यातही उष्णता.

कूलर घ्या. मे महिन्यात नागपुरात पारा ४५ च्या पुढे जातो आणि घराघरांत डेझर्ट कूलर सुरू असतात. ताट्यांवरून पाणी सुटतं, पंखा बाहेरची हवा ओल्या ताट्यांतून आत ओढतो, पाण्याची वाफ होताना हवेतली उष्णता जाते. हवा किती थंड होणार ते ठरतं वेट बल्ब तापमानावरून. थर्मामीटरच्या फुग्याला ओलं फडकं गुंडाळून त्यावर वारा सोडला तर जो आकडा दिसतो, तो वेट बल्ब. ४५ डिग्री आणि १५ टक्के आर्द्रता असेल तर तो २४ च्या आसपास येतो. ताटी ऐंशी टक्के कार्यक्षम धरली, तर कूलरमधून २८ डिग्रीची हवा येते. सतरा डिग्रीचा फरक, तेवढ्याशा विजेत. एसीवाल्यांनी आयुष्यभर हेवा करावा असा आकडा आहे हा. आता जूनअखेर घ्या. बाहेर ३४, आर्द्रता ७०. वेट बल्ब २९ च्या वर. तोच कूलर, तीच ताटी, आणि हवा जेमतेम ३० ची, ती पण चिकट. म्हणून पहिला पाऊस पडला की घराघरांत "कूलर बंद कर बे, जास्तच उकडून राहिलं" ऐकू येतं. नागपूरच्या प्रत्येक आजीला सायक्रोमेट्री येते, फक्त तिला तक्ता माहीत नाही.

आणि पाणी? हाच हिशेब पुढे नेला तर मोठ्या कूलरला भर दुपारी तासाला पंधरा-वीस लिटर लागतं. असे कूलर लाखांनी मोजा. २०१९ च्या जुलैत धरणं आटली आणि शहराला दिवसाआड पाणी आलं, हे विसरलात का? ओलावा न वाढवता वाफेच्या जोरावर हवा थंड करायची पद्धत आहे, तिला इनडायरेक्ट इव्हॅपोरेटिव्ह कूलिंग म्हणतात. त्यात ओली हवा एका बाजूने जाते, घरात येणारी हवा दुसऱ्या बाजूने, मध्ये पातळ भिंत. आपल्या पाण्यात क्षार किती, त्या भिंतीवर किती थर बसेल, पत्रा वापरायचा की प्लास्टिक, गल्लीतल्या कूलरवाल्याला ते त्याच्या कात्रीने आणि रिव्हेटने बनवता येईल का, हे सगळे प्रश्न उघडे पडलेत. यातल्या एकेका प्रश्नावर दोन वर्षांचा चोख प्रबंध होतो. तो लिहायला नागपुराइतकी चांगली प्रयोगशाळा म्युनिकमध्ये मिळणार नाही. तिथे मे महिन्यात स्वेटर घालतात.

बीई आणि एमटेकमधला फरक मला इथे दिसतो. बीईत आम्ही सूत्रात आकडे भरायचो. नळीतल्या प्रवाहासाठी डिटस-बोल्टर नावाचं एक सूत्र आहे, आम्हाला ते देवाच्या आरतीसारखं पाठ होतं. ते गुळगुळीत नळीला आणि जोरदार खळबळ असलेल्या प्रवाहालाच लागू होतं आणि तरीही त्यात २५ टक्क्यांपर्यंत चूक निघू शकते, हे पुस्तकात लिहिलेलं होतं, पण परीक्षेत कधी आलं नाही. एमटेक नीट केलेला माणूस सूत्र कुठे तुटतं तिथून सुरुवात करतो. माझ्या टीममध्ये मला असा माणूस रोज हवा असतो आणि मिळत नाही, पण तो वेगळा विषय.

कूलर घरगुती झाला. कोराडीला चला. शहराच्या उत्तरेला ६६० मेगावॉटचे तीन सुपरक्रिटिकल संच उभे आहेत. सुपरक्रिटिकल म्हणजे पाणी ३७४ डिग्री आणि २२१ बारच्या पलीकडे नेलेलं. तिथे पाणी आणि वाफ यांत फरकच उरत नाही, उकळणं नावाची घटनाच होत नाही. आपल्या पोरांच्या रीलमध्ये कोराडीची देवी येते, मागच्या चिमण्याही येतात, पण त्या नळ्यांत काय चाललंय याचं कुतूहल मी फारसं कुठे पाहिलं नाही. त्या केंद्राला थंड करायला पाणी कुठून येतं? नागपूरचं सांडपाणी भांडेवाडीला शुद्ध करून कोराडीला देतात. देशात असं मोठ्या प्रमाणावर करणाऱ्या पहिल्या काही शहरांत आपण आहोत. ऐकायला छान. पण त्या पाण्यात फॉस्फेट असतात, सेंद्रिय घाण उरलेली असते, आणि कंडेन्सरच्या नळीच्या आत पातळसा थर बसला तरी वाफ थंड होईना, व्हॅक्यूम घसरलं, तेवढ्याच विजेसाठी जास्त कोळसा जाळा. जास्त कोळसा म्हणजे जास्त राख. ती राख कोराडी-खापरखेड्याच्या आसपासच्या गावांच्या विहिरींत आणि छपरांवर जाते. नळीतला एक थर, आणि त्याच्या दुसऱ्या टोकाला कुणाचा तरी खोकला. हा प्रश्न जावास्क्रिप्टने सुटत नाही.

धुराचंही तसंच. २०१५ च्या डिसेंबरात केंद्राने औष्णिक केंद्रांच्या धुरातला गंधक कमी करायचे नियम आणले. मुदत आधी २०१७, मग २०२२, मग आणखी पुढे, आणि २०२५ साली देशातल्या बहुतेक संचांना त्या यंत्रणेतून सूटच दिली गेली. खर्च परवडत नाही, यंत्रणा वेळेत मिळत नाही, अशी कारणं वर्षानुवर्षं ऐकली. दहा वर्षांत आपण हे तंत्र इथे स्वस्तात बनवायला शिकलो असतो, तर निदान अर्धी कारणं तरी देता आली नसती. दहा वर्षं म्हणजे एमटेकच्या पाच बॅचा, एकामागे एक.

हे फक्त सरकारी केंद्राचं नाही. २०१९ च्या मार्चमध्ये आपली मेट्रो सुरू झाली, तेव्हा मीसुद्धा खापरी ते सीताबर्डी उगाच फिरून आलो. नाव 'माझी मेट्रो', डबे चीनमधल्या दालियनचे. मिहानमध्ये बोइंग ७८७ च्या फ्लोअर बीम बनतात, म्हणजे विमानात तुमच्या पायाखाली ज्या तुळया असतात त्या नागपूरच्या आहेत, आणि याचा मला मनापासून अभिमान आहे. २०२५ च्या जूनमध्ये फाल्कन २००० जेट इथे बनवायची घोषणाही झाली. पण ड्रॉइंग सिॲटलहून येणार, पॅरिसहून येणार. आपण अचूक कापू, अचूक जोडू, आणि ती तुळई तेवढीच जाड का, हा प्रश्न विचारणारा माणूस दुसऱ्या देशात बसलेला असेल. हिंगणा आणि बुटीबोरीतल्या कारखानदारांनाही यात सुटका नाही. "चांगली मुलं मिळत नाहीत" असं सेमिनारमध्ये म्हणायचं आणि नव्या इंजिनिअरला पंधरा-अठरा हजार द्यायचे. माझ्या वर्गातले तीन जण तिथे आहेत, त्यांचा पगार मला माहीत आहे. एमटेक झालेला मुलगा दारात आला तर "ओव्हरक्वालिफाइड आहे" म्हणायचं आणि पंपाची तक्रार आली की पुण्याहून कन्सल्टंट बोलवायचा, त्याला दिवसाचे तेवढेच पैसे द्यायचे.

"हे सगळं ठीक, पण पोट कसं भरेल?" मावशीने हे विचारलं आणि तो प्रश्न टाळण्यासारखा नाही.

पहिली दोन-तीन वर्षं पैसे कमी मिळतील. यात लपवण्यासारखं काही नाही. नंतरचं चित्र मात्र वाटतं तितकं काळं नाही. पुण्या-बंगळुरूच्या डिझाइन सेंटरांत सिम्युलेशनच्या कामाला एमटेकवाले लागतात. भाभा अणुसंशोधन केंद्राची एक योजना आहे, डीजीएफएस नावाची, तिच्यात निवड झाली तर एमटेकचा खर्च तेच करतात आणि नंतर नोकरीही देतात. किती नागपूरकर आयांनी हे नाव ऐकलंय? पायथनच्या बूटकॅम्पची जाहिरात मात्र आपली बसवरही असते. आणि हो, पायथन एमटेकमध्येही शिकावंच लागतं. उष्णतेची समीकरणं हाताने कुणी सोडवत नाही.

मावसभाऊ घरातला एकटा कमावता असता, काका आजारी असते, तर मी त्याला आज रात्रीच कोर्सची फी भरून दिली असती आणि हा लेख लिहिला नसता. पोटापुढे उष्णतेचं शास्त्र नाही. पण त्याच्या घरी दोघंही नोकरीत आहेत, घर स्वतःचं आहे. तिथे प्रश्न पोटाचा नसून पॅकेजचा आहे, आणि पुढच्या लग्नसराईत "काय करतो मुलगा?" याचं उत्तर एका श्वासात देता यावं याचा आहे. ज्यांना खरोखर परवडत नाही त्यांच्यासाठी १२,४०० चे २५ हजार करा म्हणून भांडायला हवं. ज्यांना परवडतं त्यांनी किमान अडवू नये.

तुमच्याही हातात असं जागा मिळाल्याचं पत्र असेल आणि घरी अशीच बोलणी चालू असतील, तर नातेवाइकांशी वाद घालण्यात रात्री घालवू नका. पीएसयूचं काय ते आधी ठरवा. जायचंच असेल तर सरळ त्याचा अभ्यास करा, एमटेकची जागा अडवू नका, ती दुसऱ्या कुणाला तरी हवी असते. राहायचं असेल तर फी भरण्याआधी एक दिवस काढून त्या विभागात जा. वेबसाइटवरचे फोटो बघू नका. लॅब असिस्टंटशी बोला, त्याला सरांपेक्षा जास्त माहीत असतं. एखादी रिग दाखवून "ही जरा चालू करून दाखवता का?" असं विचारा. कोणते गाइड मुलांकडून प्रयोग करून घेतात आणि कोणते फक्त रंगीत चित्रं, ते दुसऱ्या वर्षाच्या मुलांना विचारा. कॅन्टीनमध्ये चहा पाजा, ते सगळं सांगतात. मग लायब्ररीत जाऊन त्या विभागाचे मागच्या तीन वर्षांचे प्रबंध मागा, आणि प्रत्येकात प्रयोगाचं प्रकरण किती पानांचं आहे ते मोजा.